ट्रंक, फ्रीज आणि पत्ता

लग्नाच्या बायोडेटात हल्ली मुलाच्या शिक्षणाखाली, कधी कधी नोकरीच्याही आधी, एक ओळ असते : ‘स्वतःचे घर – मुंबईत’. माणसाची पत सांगणारी ही ओळ नेहमीच तिथे नव्हती. आधी तिच्या जागी ‘पर्मनंट’ हा शब्द होता आणि त्याच्याही आधी एक ट्रंक होती.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत कोकण आणि घाटावरून माणसांची रीघ लागली. बायकामुलं बहुतेक गावीच. कामगार एका गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, पाळीप्रमाणे झोपायचा, खाणावळीत जेवायचा. गावाला हे दिसत नव्हतं. गावाला दिसायचा तो शिमग्याला नाहीतर गणपतीला उतरणारा चाकरमानी : इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल आणि हमालाच्या डोक्यावर ट्रंक. तिच्यात आईला लुगडं, पोरांना खाऊ, भावकीत वाटायला साबणाच्या वड्या. ट्रंक हलकी असली की ‘मुंबईत काय करतो कोण जाणे’ हे वाक्य पाणवठ्यावर ऐकू यायचं.

ती ट्रंक भरायला पैसा लागे, आणि तो व्याजानं पैसे देणाऱ्या आणि पगाराच्या दिवशी वसुलीला गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या पठाणाकडून यायचा. कामगारांची स्थिती तपासायला १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. औद्योगिक शहरांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कामगार कुटुंबं कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे, असा त्याचा अंदाज होता. मोठ्या कारणांत लग्नकार्य होतंच. ऋण काढून सण, म्हणून यावर नाक मुरडणं सोपं आहे आणि पुष्कळांनी ते मुरडलंही. पण १९२८ चा संप सहा महिने चालला. त्या काळात गिरणगावातल्या माणसानं जायचं कुठे? गावीच. ज्यानं भावकीला जेवण घातलं, कार्यात हात आखडला नाही, त्याच्या घरात अशा वेळी कोणीतरी पायलीभर तांदूळ आणून टाकी. ना पेन्शन, ना विमा, अशा काळात मानपान हाच विम्याचा हप्ता होता. दिखाव्यामागचा हिशेब असा अगदी रोकडा होता.

या रीतीला विरोधही इथलाच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीविना, कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. त्याच परंपरेतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मात्र ‘साधं राहा’ हा उपदेश सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितलं की वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं लुगडं नेसा आणि जात ओळखू येईल असे कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने टाकून द्या. ज्याला चांगलं वस्त्र पिढ्यान् पिढ्या नाकारलं गेलं, त्याच्यासाठी ते वस्त्र म्हणजे चैन नव्हती. भौतिकतेवर लिहिणारे हे सहसा विसरतात.

मग कुटुंबं मुंबईत आली आणि प्रेक्षक बदलले. गावाची जागा चाळीच्या गॅलरीनं घेतली. १९२० च्या दशकातल्या सरकारी बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. दार दिवसभर उघडं, संडास सामायिक. कोणाकडे सुकट शिजतंय आणि कोणाचं दूध आज आलं नाही, हे मजल्याला ठाऊक. अशा ठिकाणी थाट फार वेळ टिकत नसे, कारण उचल घेतल्याचं शेजाऱ्याला आधीच कळलेलं असायचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि माणसं त्याच खोलीत पिढी-दोन पिढ्या टिकली. त्यामुळे पत्त्याला भाव नव्हता, भाव होता नोकरीला. विमा १९५६ मध्ये आणि चौदा बँका १९६९ मध्ये सरकारी झाल्यावर तर ‘मुलगा बँकेत आहे’ एवढं वाक्य पुरे व्हायचं.

वस्तू आल्या, पण त्याही गॅलरीच्या शिस्तीनं. आमच्या परळच्या चाळीत पहिला फ्रीज आला तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नाही, बाहेरच्या बाजूला, दाराच्या अगदी समोर लागला. जागा नव्हती हे खरं, पण दाराआड जागा होती हेही खरं. हँडलला क्रोशाची पिशवी, वर प्लॅस्टिकची फळं. आणि आत? आत अर्ध्या मजल्याचं दूध आणि बर्फाचे ट्रे. फ्रीज दाखवायचा तर शेजाऱ्यांचं दूध ठेवावं लागायचं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. एकीकडे लालबाग-परळमध्ये मंगळसूत्रं मोडली जात होती, दुसरीकडे दुकानांच्या काचेत रंगीत संच झळकत होते. आधीची सगळी मोजमापं कामाशी बांधलेली होती. ते कामच गेलं. माझ्या मते मुंबईच्या मराठी माणसाच्या मूल्यांचा सांधा तिथे बदलला, १९९१ मध्ये नव्हे.

१९९१ नं फक्त वेग दिला. आर्थिक उदारीकरण आणि गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी करणारी विकास नियमावली, दोन्ही त्याच वर्षीची. २००१ च्या दुरुस्तीनं बिल्डरांना आणखी मोकळं रान मिळालं. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. मधल्या काळात भाषाही बदलली. ‘कर्ज काढलंय’ म्हणताना आवाज खाली यायचा, ‘लोन सँक्शन झालं’ म्हणताना पेढे वाटले जाऊ लागले. भारतात घरकर्जाची वाट रुळवणारी एचडीएफसी १९७७ मध्ये याच शहरात सुरू झाली होती; पण वीस वर्षांचा हप्ता ही लायकीची खूण व्हायला नव्वदचं दशक उलटावं लागलं. फ्लॅटचं दार बंद असतं. आत काय आहे ते शेजाऱ्याला आपोआप कळत नाही, म्हणून ते दाखवावं लागतं. आधी शोकेसमधून, आता फोनमधून.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांतल्या एका ओळखीच्या घरातल्या मुलाच्या बायोडेटात इतकी वर्षं पत्ता म्हणून नुसतं ‘वरळी’ असायचं, चाळीचा नंबर गाळलेला. आता विंग, मजला, फ्लॅट नंबर सगळं आहे. नोकरी तीच, पगारही तोच. पेढे द्यायला आलेल्या त्याच्या आईला म्हटलं, ‘काकू, आता स्थळांना तोटा नाही.’

‘तोटा नाही रे,’ त्या म्हणाल्या, ‘पण आता लग्नाचा हॉलपण त्या मानाचा घ्यावा लागणार. ह्यांना सांगितलंय, पतपेढीत विचारून ठेवा.’