औषध-सुरक्षा इशारा (रुग्णालयीन संगणकप्रणाली)

डॉक्टर संगणकावर औषध लिहिताना, फार्मासिस्ट ते देताना किंवा परिचारिका ते टोचताना संभाव्य अपाय लक्षात आणून देणारी सूचना. जास्त झालेली मात्रा, दोन औषधांची परस्परक्रिया, रुग्णाचे वावडे, एकच घटक दोनदा जाणे आणि मूत्रपिंडाच्या विकारात वर्ज्य असलेली औषधे हे तिचे नेहमीचे विषय. वॉर्डात तिला ‘पॉपअप’ किंवा ‘वॉर्निंग’ म्हणतात.

उगम : अशा इशाऱ्यांचा आरंभ नेमका कोठे मानावा याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे होमर वॉर्नर यांच्या पुढाकाराने १९६७ च्या सुमारास ‘हेल्प’ ही प्रणाली उभी राहू लागली. तिलाच आद्य मानण्याकडे अनेकांचा कल असला, तरी तिच्यातील औषधविषयक तपासणी १९७० च्या दशकात आकाराला आली. स्टॅनफर्ड येथील ‘मेडिफोर’ प्रणाली त्याच दशकाच्या पूर्वार्धातील. ती केवळ औषधांच्या परस्परक्रिया शोधण्यासाठीच रचलेली होती. त्यामुळे ‘औषध-इशारा’ हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर तिचा दावा अधिक बळकट ठरतो. मात्र तिचे अहवाल फार्मसीच्या बाजूने निघत. लिहिणाऱ्या डॉक्टरसमोर त्याच क्षणी काही येत नसे. डॉक्टरला थेट स्मरण देण्याच्या पद्धतीची चाचणी इंडियानापोलिस येथे क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी केली (१९७६). माणसाकडून चुका होतात त्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर माहितीचा भार पेलवत नाही म्हणून, हा त्यांचा निष्कर्ष आजच्या इशाऱ्यांचा खरा पाया म्हणता येईल.

परिणाम : बॉस्टन येथे डेव्हिड बेट्स व सहकाऱ्यांना संगणकीय औषधलेखनामुळे गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले (१९९८). पुढे २००५ मध्ये रॉस कोपेल यांच्या अभ्यासाने अशीच प्रणाली २२ प्रकारच्या चुकांना वाव देते असे दाखवले. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही : पहिल्याने प्रणालीचे फळ मोजले, दुसऱ्याने पडद्याची रचना तपासली. नेदरलँड्समधील २००६ च्या आढाव्यानुसार निरनिराळ्या अभ्यासांत ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टरांनी ओलांडले होते. यास ‘इशारा-शीण’ म्हणतात. दिवसभर बिनकामाच्या खिडक्या बंद करणारा हात महत्त्वाची खिडकीही त्याच सवयीने बंद करतो. दोष हाताचा नसून खिडक्यांच्या संख्येचा आहे, आणि ती कमी करणे हे रचनाकाराचे पहिले कर्तव्य होय.

सॅन फ्रान्सिस्को येथील २०१३ ची घटना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. सोळा वर्षांच्या मुलाला १६० मिलिग्रॅम घटकाची एक गोळी द्यायची होती. वजन ४० किलोंपेक्षा कमी असल्याने मात्रेची चौकट ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ या एककात उघडली होती. डॉक्टरांनी तीत १६० हा आकडा भरला आणि प्रणालीने साडेअडतीस गोळ्यांची मागणी तयार केली. इशारा डॉक्टरांना आला, फार्मासिस्टलाही आला; दोघांकडूनही तो ओलांडला गेला. किंचित जास्त मात्रेचा इशारा आणि ३९ पट मात्रेचा इशारा दिसायला जवळजवळ सारखेच होते. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

रचना : काम अडवणारा इशारा मोजक्या प्रसंगांसाठी राखावा, बाकीची माहिती बाजूला शांतपणे दाखवावी, यावर आता बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. मजकुरात धोका कोणता आणि त्याऐवजी काय करावे हे पहिल्या ओळीतच यावे, पर्याय एका क्लिकवर असावा. पूर्ण मज्जाव मात्र जपून वापरावा. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनबरोबर को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो; ती जोडी लिहिता येऊ नये अशी सक्ती करणाऱ्या अमेरिकन चाचणीत (२०१०) इशाऱ्यानंतर ते औषध पुन्हा न लिहिण्याचे प्रमाण सक्ती नसलेल्या गटात १३.५, तर सक्तीच्या गटात ५७.२ टक्के होते, पण चार रुग्णांना आवश्यक उपचार उशिरा मिळाल्याने ती मुदतीआधी थांबवावी लागली. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट रोज लिहिले गेले तर जीव जाऊ शकतो. तेथे इशाऱ्यापेक्षा ‘आठवड्यातून एकदा’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला ठेवणे अधिक सुरक्षित.

सांगली-मिरज परिसर : १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कर्नाटकाच्या सीमाभागातून आणि कोकणातून रुग्ण येथे येत राहिले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार डॉक्टरांच्या गोळ्या, अर्ध्या पट्ट्यांवरचे नाव कापलेले, असा रुग्ण समोर असताना औषधांची आधीची यादी भरल्याशिवाय परस्परक्रियेचा कोणताही इशारा उपयोगाचा नाही. ब्रँड अनेक आणि संयुक्त गोळ्या मुबलक असल्याने तपासणी घटकांवर चालली पाहिजे. तापाची, अंगदुखीची आणि सर्दीची अशा तीन गोळ्यांत मिळून पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या मर्यादेवर सहज जाते. औषधे जेनेरिक नावाने व शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केली. संगणकीय तपासणीलाही ती पोषक आहे.

वावड्याची नोंद हा येथला नाजूक भाग. ‘ही गोळी मला गरम पडते’ असे रुग्ण सांगतो तेव्हा बहुधा पोटातली जळजळ किंवा तोंड येणे अभिप्रेत असते. तेच ‘अ‍ॅलर्जी’च्या रकान्यात गेले की प्रत्येक भेटीत खोटा लाल इशारा उमटतो आणि पेनिसिलिनने खरोखर धाप लागलेल्या रुग्णाचा इशारा त्यात हरवतो. ‘वावडे’ आणि ‘सोसत नाही’ असे दोन रकाने स्वतंत्र ठेवले, आणि काय झाले होते ते रुग्णाच्याच शब्दांत लिहिले, तर हा गोंधळ बराच टळतो.

औषध बंद होताना लागणारा इशारा प्रणाल्यांत क्वचितच विचारात घेतला जातो. हृदयाची झडप बदललेल्या, वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले की वॉरफरिनचा परिणाम घटतो आणि त्याची मात्रा वाढवावी लागते. सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो. रिफॅम्पिसिनचा प्रभाव पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो, वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर रक्तस्रावाचा धोका उभा राहतो. क्षयाच्या गोळ्या क्षय केंद्राकडून मिळतात, वॉरफरिनची चिठ्ठी दुसऱ्याच रुग्णालयात लिहिलेली असते. म्हणून हा इशारा कोर्स सुरू करतानाच, संपण्याच्या तारखेसह, रुग्णाच्या कार्डावर छापून देणे इष्ट.