लिनक्सला फायरवॉल नसते, हा समज चुकीचा

विंडोज सोडून उबुंटू या लिनक्स प्रणालीवर येणाऱ्यांना हमखास ऐकवले जाते की, लिनक्सला फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, नसते आणि तिची गरजही नसते. यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे. येणारी-जाणारी डेटा पॅकेट तपासणारी नेटफिल्टर ही यंत्रणा २००१ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच आहे. उबुंटूत तिचे नियम ठरवण्यासाठी यूएफडब्ल्यू हे साधनही आधीपासून बसवलेले असते, फक्त ते बंद ठेवलेले असते.

दुसऱ्या भागात थोडे तथ्य आहे. नव्या डेस्कटॉप उबुंटूत बाहेरच्या जोडण्यांची वाट पाहणाऱ्या सेवा जवळजवळ नसतात, आणि जिथे ऐकणारेच कोणी नाही तिथे अडवायचे तरी काय? परंतु फाइल शेअरिंगसाठी सांबा किंवा दुरून प्रवेशासाठी एसएसएच सर्व्हर बसवला की ४४५ किंवा २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, उघडते, आणि हॉटेलच्या वायफायवरील अनोळखी संगणकांनाही ते दिसू शकते.

टर्मिनलमध्ये ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ (sudo ufw enable) ही आज्ञा दिली की बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या अडवल्या जातात. आपण उघडलेली संकेतस्थळे मात्र पूर्ववत चालतात. संगणक एसएसएचवरून चालवत असाल, तर एसएसएचला आधी परवानगी द्यावी, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. डॉकर या अ‍ॅप्स वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणाऱ्या साधनाने खुली केलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालतात, हे तर भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.