पिवळा किती सेकंदांचा?

"पिवळ्यातच काढली होती बे गाडी, तरी पावती आली!"

सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. पुढची चर्चाही ठरलेली. सिग्नलचा कॅमेरा बिघडलाय, कुणाला तरी कमिशन आहे, आणि हल्ली सगळं एआय झालंय, त्याला काय वाटेल ते दिसतं. पण तिथला पिवळा दिवा किती सेकंद जळतो, हे मात्र कुणी विचारत नाही. भांडायचंच असेल तर भांडण खरं तिथे आहे.

कॅमेऱ्याचं काम आधी उरकून टाकू, कारण ते वाटतं त्यापेक्षा साधं असतं. लाल लागला की सिग्नलच्या पेटीतला कंट्रोलर कॅमेऱ्याला तसं कळवतो. हिरव्यात आणि पिवळ्यात गेलेल्यांशी त्याला काही देणंघेणं नसतं. लाल असताना कुणी थांबरेषा ओलांडली तरच नोंद होते. ती ओलांडली हे कळायची जुनी रीत म्हणजे डांबराखाली पुरलेलं तारेचं वेटोळं. त्यातून उलटसुलट प्रवाह खेळत असतो. गाडीचं धूड वर आलं की धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे आवर्त प्रवाह निर्माण होतात, वेटोळ्याचं प्रवर्तन, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला त्याचा होणारा विरोध, घटतं आणि पेटीला गाडी आल्याचं समजतं. नव्या रीतीत रस्ता खोदावा लागत नाही. व्हिडिओच्या चित्रावरच सॉफ्टवेअर एक रेष आखतं आणि त्या रेषेवर नजर ठेवतं. पुराव्यासाठी निदान दोन चित्रं लागतात: लाल लागलेला असताना गाडी रेषेच्या अलीकडे, आणि तीच गाडी चौकात. म्हणजे यंत्रणा धड चालत असेल तर पिवळ्यात रेषा ओलांडणाऱ्याला पावती येत नाही. "पिवळ्यात होतो" म्हणणाऱ्याने पिवळा पाहिलेला असतो हे खरं, पण रेषेवर पोचेपर्यंत तो लाल झालेला असतो.

नंबर वाचायचं काम वेगळं सॉफ्टवेअर करतं. पाटीवरचा परावर्तक थर प्रकाश इकडेतिकडे न उधळता जिथून आला तिथेच परत पाठवतो. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात रात्रीही पाटी लख्ख उठून दिसते. एम.एच. 13 च्या पुढे 4141 असं लिहायचं की ते 'दादा' वाचलं जावं, ही हौस सॉफ्टवेअरला कळत नाही. तीच गत लिंबू-मिरचीची. नजर लागू नये म्हणून बंपरला बांधलेली माळ नेमकी पाटीवर लोंबते आणि एखादा आकडा झाकते. दृष्ट टळते की नाही ते सोडा, पण अर्धवट झाकलेली पाटी हा स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि चौकातल्या हवालदाराला तो उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कागद-पेन घेतलंत तर बरं.

समजा तुम्ही विजापूर रोडने ताशी 50 किलोमीटरने चौकाकडे येताय. म्हणजे सेकंदाला 13.9 मीटर. समोर पिवळा लागतो. तो दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण 1 सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी 13.9 मीटर पुढे सरकलेली असते. नंतर ब्रेक. मागे बसलेली बाई पिशवीसकट पुढे येऊ नये इतपत बेताचा ब्रेक म्हणजे दर सेकंदाला वेग सुमारे 3 मीटर प्रति सेकंदाने कमी होणं; यालाच मंदन म्हणतात. वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, हे शाळेतलं सूत्र वापरलं तर आणखी 32.2 मीटर लागतात. एकूण 46 मीटर. यापेक्षा जवळ असताना पिवळा लागला तर तुम्ही रेषेआधी थांबू शकत नाही.

न थांबता तसंच पुढे गेलात तर? पिवळा 3 सेकंदांचा धरू. तेवढ्या वेळात त्याच वेगाने 41.7 मीटर जाता येतं. यापेक्षा लांब असाल तर लाल लागण्याआधी रेषा गाठता येत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. रेषेपासून 41.7 ते 46 मीटर या पट्ट्यात जो सापडला, त्याला थांबताही येत नाही आणि जाताही येत नाही. त्याने काहीही चूक केलेली नाही, वेगमर्यादाही मोडलेली नाही, तरी तो गुन्हेगार ठरणार किंवा करकचून ब्रेक दाबणार. याला कोंडीचा पट्टा म्हणू. ताशी 60 ला थांबायला 63 मीटर लागतात आणि 3 सेकंदांत 50 मीटरच कापले जातात, म्हणजे पट्टा एकदम 13 मीटरचा होतो. ताशी 40 ला मात्र थांबायला 31.7 मीटर पुरतात आणि 3 सेकंदांत 33.3 मीटर जाता येतं. तिथे कोंडी नाहीच.

हा पट्टा नाहीसा करायचा तर पिवळा किती हवा? पिवळ्यात कापलेलं अंतर थांबण्याच्या अंतराइतकं निदान असायला हवं. दोन्ही बाजूंना वेगाने भागा, उत्तर हातात येतं: पिवळा = प्रतिक्रियेचा वेळ + वेग ÷ (2 × मंदन). ताशी 50 साठी 3.3 सेकंद, 60 साठी 3.8. रस्ता उताराचा असेल तर आणखी थोडा जास्त, कारण उतारावर मंदन घटतं. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइलचा राडा झाला की तेच होतं.

हे गणित 1960 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या तिघांनी मांडलं: डेनोस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सेई माराडुडिन. यातले हर्मन म्हणजे ज्यांनी 1948 मध्ये राल्फ आल्फर यांच्यासोबत विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या प्रारणाचं तापमान सुमारे 5 केल्विन असेल असं भाकीत केलं, तेच. ते प्रारण पुढे 1965 मध्ये सापडलं. त्याच माणसाने चौकातल्या पिवळ्या दिव्यावर डोकं चालवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या सूत्रात एक खोच आहे. पुढे जाणारी गाडी त्याच वेगाने सरळ जाणार, असं ते गृहीत धरतं. वळणाऱ्याचं काय? सात रस्त्याला उजवीकडे वळणारा रिक्षावाला वेग कमी करतच येतो, त्याला रेषेपर्यंत जास्त वेळ लागतो. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टन गावी मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या पत्नीला 2013 मध्ये कॅमेऱ्याची पावती आली. यार्लस्ट्रॉम नुसता दंड भरून थांबले नाहीत, तर गणित मांडून बसले आणि वळणाऱ्यांसाठी सूत्र वाढवलं. राज्याच्या मंडळाने परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवल्याबद्दल त्यांनाच 500 डॉलर दंड केला! न्यायालयाने ती भूमिका उडवून लावली आणि 2020 मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने त्यांचं सूत्र आपल्या शिफारशींत घेतलं.

आपल्याकडचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चौकात येतो. ताशी 20 ने, म्हणजे सेकंदाला 5.6 मीटर. त्याने पिवळ्यात रेषा ओलांडली तर कॅमेऱ्याच्या लेखी तो निर्दोष. पण चौक 20 मीटर रुंद आणि वरात 15 मीटर लांब धरली, तर शेवटची ट्रॉली बाहेर पडायला 6 सेकंदांहून जास्त लागतात. तोवर आडव्या रस्त्याला हिरवा मिळालेला असतो. त्यासाठी सगळ्या बाजूंना लाल ठेवायचा मधला वेळ असतो. तो ट्रॅक्टरच्या हिशेबाने ठेवला तर बाकीचे वैतागतात आणि मोटारसायकलच्या हिशेबाने ठेवला तर ट्रॉलीखाली कुणीतरी जातो.

उलटे आकडे दाखवणाऱ्या टायमरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हिरव्याचे शेवटचे 4 आकडे दिसले की लोक पिकअप घेतात, म्हणजे वेग वाढवून स्वतःच कोंडीचा पट्टा लांबवतात. लालचे शेवटचे 3 दिसले की झेब्रा क्रॉसिंगवरून निघतात, आणि तेव्हा अर्थातच दिवा लालच असतो. त्या पावतीबद्दल सूत्राची मदत होणार नाही.

कॅमेरा लावला की अपघात थांबले, हा दुसऱ्या टोकाचा गाजावाजा. अमेरिकेतल्या 7 ठिकाणांच्या 2005 मधल्या अभ्यासात काटकोनातल्या धडका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाल्या, पण मागून बसणाऱ्या धडका सुमारे 15 टक्क्यांनी वाढल्या. पट्ट्यात सापडलेला पुढचा घाबरून थांबतो, मागचा मात्र 'हा जाणार' असं धरून आलेला असतो. आडव्या धडका जास्त जीवघेण्या, त्यामुळे सौदा एकंदरीत फायद्याचा. फुकटचा मात्र नाही.

गाडी उचलून नेतील ही भीतीही या चर्चेत हमखास येते. ती निराळी बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते ती मुख्यतः चालकाकडे लायसन्स नसेल, तो अल्पवयीन असेल, गाडीची नोंदणी नसेल किंवा परमिटशिवाय चालवली जात असेल तेव्हा. हे सगळं तपासायला माणूस लागतो, कॅमेरा फक्त नंबर देतो. त्या नंबरावर ज्याचं नाव, त्याला पावती. जुनी गाडी विकली आणि नाव बदललं नाही, तर दुसऱ्याच्या घाईचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येत राहतात. मेसेजसोबत एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल, आली तर ती मात्र उघडू नका, ती चोरांची असते.

2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आला. त्यात देशातल्या 132 शहरांची यादी आहे आणि सोलापूर त्यात आहे. गुन्ह्यापासून 15 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, तिच्यासोबत फोटो, तारीख, वेळ, ठिकाण हवं, यंत्राला दर वर्षी नव्याने होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि पुढे कॅमेरा आहे अशी पाटीही आधी लावलेली हवी.

यापैकी एकाही कागदावर पिवळ्याची लांबी नसते, ती आपणच मोजायची. फुटपाथवर उभं राहून मोबाइलने सिग्नलचा व्हिडिओ घ्या. साधारण मोबाइल सेकंदाला 30 चित्रं टिपतो. पिवळा किती चित्रांत दिसतो ते मोजून 30 ने भागा. चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या, कारण जुन्या कंट्रोलरचे आकडे थोडे डुलतात. मग त्या रस्त्याची वेगमर्यादा वरच्या सूत्रात घाला. उत्तर व्हिडिओतल्या आकड्यापेक्षा मोठं आलं, तर वाहतूक शाखेला अर्ज लिहिताना सोबत व्हिडिओही जोडा.