चिऱ्याला उगाच बोल

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनचा मनोरा चिरा (जांभा दगड) कच्चा म्हणून पडला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हिशेब करून बघा. मनोरा सुमारे ४६ मीटरांचा. तेवढ्या उंचीच्या चिऱ्याचा पायथ्याशी दाब चौरस मिलिमीटरला जेमतेम १ न्यूटन. चांगला चिरा ३.५ पेलतो. (चुन्याचे सांधे धरले तर आकडा उतरतो, पण तरीही.)

चिऱ्याला दाब चालतो, ताण, म्हणजे ओढ, सोसत नाही. संगणकावरच्या प्रतिकृतीत हेच तपासतात: बांधकामाचे हजारो तुकडे पाडायचे, एकेक आधार काढायचा, ताण कुठे येतो ते बघायचं. इथे १८३५ला चर्च ओस पडलं, १८४२ला छताची कमान कोसळली. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला तो थेट १९३१ला. मधली ८९ वर्षं आधाराविना, दर पावसाळ्यात चुना धुपत. उरलेला अर्धा अजून उभा आहे, त्याच चिऱ्याचा.