विंड टनेल: इमारती आणि छपरांसाठीचा

विंड टनेल म्हणजे मोठ्या पंख्याने वारा सोडलेला लांबलचक बोगदा, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगवाले जो वापरतात त्याला बाउंडरी लेयर विंड टनेल म्हणतात. विमानांच्या टनेलमध्ये हवा जितकी शांत आणि एकसारखी तितकं बरं, इथे नेमकं उलटं हवं असतं, कारण जमिनीजवळचा वारा कधीच एकसारखा नसतो, तो झाडं, घरं, टेकड्यांना घासून खाली मंदावतो, वर जोरात वाहतो आणि मधेच झपाटा मारतो. असा खडबडीत वारा काही शे मीटर उंचीपर्यंत असतो, याच थराला बाउंडरी लेयर म्हणतात, आणि आपली सगळी घरं, टॉवर, चिमण्या त्यातच उभ्या असतात. म्हणून टनेलच्या तोंडाशी उंच सुळके लावतात, पुढे जमिनीवर लाकडी ठोकळ्यांच्या रांगा मांडतात, त्यावरून येईपर्यंत वारा बराचसा खऱ्यासारखा होतो.

शेवटी एक गोल फिरती तबकडी असते, तिच्यावर इमारतीचं मॉडेल बसवतात, बहुतेकदा 1:400 च्या आसपासचं, आणि आजूबाजूच्या इमारतीसुद्धा त्याच मापात, कारण शेजारच्या बिल्डिंगने वारा कसा वळतो त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. मॉडेलला शेकडो बारीक भोकं, प्रत्येकाला नळी, प्रत्येक नळीवर दाब मोजायचा, मग तबकडी 10 अंश फिरवायची आणि पुन्हा तेच, असं 36 दिशांनी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फार आधीच कळली होती. 1890 च्या दशकात कोपनहेगनच्या गॅस कारखान्यातले जोहान इर्मिंगर यांनी चिमणीच्या ओढीवर हवा खेचून घराच्या छोट्या मॉडेलवर मोजमापं घेतली, आणि दिसलं की वारा छपराला ढकलतो त्यापेक्षा ओढतो जास्त. पुढे डेन्मार्कच्याच मार्टिन जेन्सन यांनी 1958 मध्ये दाखवलं की टनेलची जमीनही मॉडेलच्या प्रमाणात खडबडीत केली नाही तर आकडे खऱ्या घराशी जुळतच नाहीत. माझ्या मते या विषयाचा खरा पाया हाच.

विद्यापीठांत हे काम मोठं केलं ते दोघांनी, अमेरिकेत कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचे जॅक सरमॅक आणि कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ओंटारियोचे अ‍ॅलन डॅव्हनपोर्ट. डॅव्हनपोर्ट यांचा जन्म 1932 चा, मद्रासचा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची मॉडेल्स 1964 मध्ये सरमॅक यांच्या टनेलमध्ये तपासली गेली, त्यात डॅव्हनपोर्टही होते, आणि झोके कमी करायला पुढे प्रत्येक टॉवरमध्ये सुमारे 10,000 डॅम्पर बसवले. डॅव्हनपोर्ट यांनी स्वतःचा टनेल 1965 मध्ये सुरू केला.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या फेरीब्रिज वीजकेंद्रात आठपैकी तीन कूलिंग टॉवर वाऱ्यात कोसळले. एकेक टॉवर 114 मीटर उंच. डिझाइन करताना टॉवर एकटा उभा आहे असं धरलं होतं आणि वाऱ्याचा सरासरी वेग घेतला होता, झपाटे नाही, प्रत्यक्षात पुढच्या टॉवरांमधून वारा चिंचोळा होऊन, भोवरे घेऊन मागच्यांवर आदळला, आणि पडले ते मागच्या रांगेतलेच. शेजाऱ्यांसकट मॉडेल का करायचं याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पाण्याचीही अशीच मॉडेल्स करतात, आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याला हे काम चालतं, धरणं आणि बंदरं तिथे छोट्या रूपात बांधून पाणी सोडून बघतात. वाऱ्यासाठी आयआयटी रुरकी आणि कानपूरला टनेल आहेत.

आता छपराबद्दल, कारण आपल्या माणसांचं नुकसान तिथेच होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरोघरचे पत्रे उडाले. वारा वळचणीच्या धारेवर आदळला की हवा छपरापासून सुटते, वरती भोवरे फिरतात आणि तिथला दाब एकदम पडतो. तिरका वारा आला की कोपऱ्यावर हे भोवरे सगळ्यात वाईट. त्यात एखादं दार किंवा खिडकी उघडली की हवा आत शिरते आणि खालून वर दाबते, म्हणजे बाहेरून ओढ आणि आतून रेटा दोन्ही एकदम.

आकडे मांडून बघा. वाऱ्याचा दाब म्हणजे साधारण 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, वेग सेकंदाला मीटरमध्ये. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33.3 मीटर, दाब येतो चौरस मीटरला सुमारे 665 न्यूटन, म्हणजे जवळपास 68 किलो. 10 फूट बाय साडेतीन फुटाचा पत्रा धरला तर 220 किलोच्या आसपास, आणि त्या पत्र्याचं स्वतःचं वजन 15 किलोही भरत नाही. कडेला आणि कोपऱ्यात ओढ याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जाते. हे सगळं तोलून धरतात ते फक्त जे-हुक, म्हणजे पत्रा खालच्या सांगाड्याला अडकवणारे वाकडे आकडे, आणि हुक टिकला तरी वॉशर छोटा असेल तर पत्रा भोकापाशीच फाटतो.

वेगाचा वर्ग येतो म्हणून थोडासा फरकही महाग पडतो. बांधकामावरच्या भारांसाठीचं भारतीय मानक आयएस 875, त्याच्या तिसऱ्या भागात डिझाइनसाठी धरायचा मुंबईचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिलाय, पुण्याचा 39, फरक पाचचाच वाटतो पण दाब सव्वापट होतो.

हुक, स्क्रू, कौल या गोष्टी 1:400 मध्ये लहान करून तपासता येत नाहीत, म्हणून मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीने वॉल ऑफ विंड उभारली, 12 अजस्र पंखे, ताशी 250 किलोमीटरच्या आसपासचा वारा आणि सोबत पावसासारखं पाणीही. खऱ्या मापाचं छप्पर समोर ठेवतात आणि कुठला जोड आधी सुटतो ते बघतात. बहुतेक वेळा सुरुवात कडेच्या नाहीतर कोपऱ्याच्या जोडापासून होते, आणि एकदा ती कड उचलली की वारा आत शिरून पुढची ओळ सोडवत जातो. म्हणूनच कडेच्या आणि कोपऱ्याच्या पट्ट्यात हुक मधल्या भागापेक्षा जवळजवळ लावायला लागतात, आणि आपल्याकडे मात्र अजून बऱ्याच ठिकाणी आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळीकडे एकाच अंतराने लावलेले दिसतात.