पिंपळपानाचा चामडी ऑर्गनायझर : घेण्याआधी आणि घेतल्यावर

दुकानात येणारे बरेच जण पहिल्यांदा हेच विचारतात, "यावर ॐ काढून द्याल का?" आम्ही देत नाही. ऑर्गनायझर, म्हणजे चामडी कव्हरची रिंगांची वही, देव्हाऱ्यात राहत नाही. तो लोकलमध्ये मांडीवर असतो, ऑफिसात चहाच्या कपाशेजारी असतो, कधी पायाशी ठेवलेल्या बॅगेत असतो. तिथे ॐ किंवा देवाची मूर्ती दिसली की कुणाच्या तरी मनाला लागतं, आणि ते आम्हाला नको आहे. पण म्हणून चामडं विटाळाचं, असं आम्ही मुळीच मानत नाही. कीर्तनातल्या पखवाजाची पुडी चामड्याचीच असते. संत रोहिदासांनी चामड्याचं काम करता करताच भक्ती केली, आणि धारावीतला आमचा हा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे.

म्हणून कव्हरवर ॐऐवजी पिंपळपान. बुद्धांना बोधगयेला पिंपळाखाली ज्ञान झालं. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, सगळ्या वृक्षांमध्ये मी अश्वत्थ, म्हणजे पिंपळ. आळंदीला माउलींच्या मंदिरात सुवर्णपिंपळ आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे आणि आषाढीला वारीला जाणारे, दोघंही हे पान आपलं म्हणून घेऊन जातात. आम्हाला याचा फार आनंद आहे.

पान उमटतं कसं

वरचं कव्हर म्हशीच्या चामड्याचं, साधारण 2 मिलिमीटर जाडीचं; आतलं अस्तर बकरीच्या मऊ चामड्याचं. गाय-बैलाचं चामडं आम्ही वापरत नाही. कव्हरचं चामडं झाडाच्या सालीत आणि हिरड्यासारख्या फळांच्या अर्कात कमावलेलं असतं. क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं स्वस्त आणि लवकर तयार होणारं, पण त्यावर दाबलेली रेघ नीट टिकत नाही, पुन्हा वर येते. सालीत कमावलेलं चामडं ओलं केलं की मातीसारखं ऐकतं.

ओल्या स्पंजने पुसून थांबायचं. रंग गडद होतो, मग हळूहळू मूळ रंगावर येऊ लागतो, पण हाताला चामडं अजून गार लागतं. तीच वेळ. गल्लीतल्या पिंपळाचं खरं पान वर ठेवून कड आखून घेतो, मधली शीर आधी दाबतो, मग दोन्ही बाजूंच्या शिरा, आणि सगळ्यात शेवटी ते लांब निमुळतं टोक. टोकाला हात हलला तर तो तुकडा बाजूला जातो, त्याच्या पेनच्या पट्ट्या होतात. दर वेळी पान नवं, त्यामुळे तुमच्या पानासारखं पान दुसऱ्या कुणाकडे नसेल.

शिवण हाताची. आरीने भोकं पाडून मेण लावलेला एकच दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवतो. एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. मशीनच्या शिवणीत ती खात्री नसते.

आत सहा रिंगा, ए-फाइव्ह मापाची पानं. पानं संपली तर आमच्याकडेच यायला हवं असं नाही, अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. रेल्वे पास, आधार कार्ड आणि पेन यांना वेगळे कप्पे आहेत.

पावसाळ्यात

हा भाग कृपा करून वाचाच. मुंबईच्या हवेत या चामड्याचा खरा शत्रू बुरशी. एका ताईंनी ऑर्गनायझर जपायचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून जुलैभर कपाटात ठेवला. गणपतीत उघडला तर कव्हरवरच्या पानावर पांढरी लव आली होती. पुसून, वाळवून तो वाचला, पण दोन डाग राहिलेच. प्लास्टिकमध्ये ठेवू नका. सुती पिशवीत ठेवा आणि रोज वापरा. हातात फिरणाऱ्या चामड्याला बुरशी सहसा धरत नाही.

पावसाचे थेंब पडले तर काळे ठिपके दिसतील. घासू नका. स्वच्छ ओल्या फडक्याने ती पूर्ण बाजू सारखी ओलसर करा आणि पंख्याखाली वाळू द्या, ठिपके बहुतेक मिसळून जातात. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. खोबरेल तेलही लावू नका, चामडं चिकट होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा रंगहीन पॉलिश, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, पुरे.

नवा असताना रंग फिका वाटेल. वापराने तो गुळासारखा गडद होतो, आणि जिथे तुमचा अंगठा टेकतो तिथे सगळ्यात आधी.

ऑर्डर दिल्यापासून दहा-बारा दिवस लागतात, पावसाळ्यात जास्त, कारण डिंक आणि रंग वाळत नाहीत. नाव हवं असेल तर ते आतल्या बाजूला देवनागरीत दाबून देतो. ऑर्डर देतानाच कागदावर स्वतःच्या हाताने लिहून द्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची चूक होणार नाही. शिवण कधीही उसवली तर घेऊन या, टाक्यांचे पैसे घेत नाही.