लोरियाँची पुळण आणि चोळमंडळचं कापड

पॅरिसहून जलद रेल्वेने तीनेक तासांत लोरियाँला उतरलं की पहिली भावना बहुतेकांची फसवणुकीची असते. ब्रिटनी म्हणजे दगडी घरं, अरुंद गल्ल्या, हिरव्या-निळ्या खिडक्या असं चित्र मनात घेऊन आलेलो असतो आणि समोर उभ्या असतात 1950 च्या दशकातल्या सरळसोट, करड्या, काँक्रीटच्या इमारती. सँ-मालो किंवा वानला जाऊन आलेला माणूस इथे अर्धा दिवस काढतो आणि समुद्रकिनारा गाठतो. गंमत अशी की तो नकळत योग्य तेच करतो. या शहराचा इतिहास शहरात फारसा उरलेला नाही. तो सांडलाय आजूबाजूच्या पुळणींवर, म्हणजे पोर-लुई, गिदेल, लार्मोर आणि समोरच्या ग्रुवा बेटावर.

आधी नाव. लोरियाँ म्हणजे ‘पूर्व’. युरोपच्या पश्चिम टोकावरच्या बंदराला पूर्वेचं नाव मिळालं ते आपल्या बाजूच्या समुद्रांमुळे. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने 1664 साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. इंग्रज आणि डच आधीच हिंदी महासागरात मुरलेले होते, त्यामुळे फ्रेंचांची ही वरातीमागून घोड्यासारखी धाव होती. जहाजं बांधायला सुरक्षित जागा हवी होती. ल हाव्र हे बंदर सोयीचं, पण ते इंग्लिश खाडीत. युद्ध पेटलं की इंग्रज दारातच उभे. त्या मानाने ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर स्कोर्फ आणि ब्लावे या दोन नद्या जिथे एका मोठ्या खाडीत मिळतात, ती जागा आडबाजूची होती. खाडीचं तोंड अरुंद, आणि त्या तोंडावर पोर-लुईचा किल्ला आयताच उभा. जून 1666 मध्ये राजाने स्कोर्फच्या काठची ओसाड जमीन कंपनीला दिली आणि तिथे लाकूड, दोरखंड, डांबर जमू लागलं.

त्या गोदीत बांधलेल्या पहिल्या मोठ्या जहाजाचं नाव ‘सोलेय दोरियाँ’, म्हणजे पूर्वेचा सूर्य. जहाजाचं नाव जागेला चिकटलं आणि पुढे शहराला. खुद्द जहाजाचं नशीब मात्र खोटं निघालं. 1681 साली सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाचं शिष्टमंडळ आणि लुईसाठीचे नजराणे घेऊन फ्रान्सकडे निघालेलं ते जहाज हिंदी महासागरात गडप झालं ते झालंच.

या कंपनीची गाठ मराठ्यांशी फार लवकर पडली. फ्रेंचांची भारतातली पहिली वखार 1668 मध्ये सुरतेत उघडली, आणि दोनच वर्षांत, ऑक्टोबर 1670 मध्ये, शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. फ्रेंचांनी लढण्याच्या फंदात न पडता नजराणे देऊन वखार वाचवली. पुढे 1677 च्या कर्नाटक स्वारीत महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा पाँडिचेरीतला कंपनीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तां याने त्यांच्याकडून तिथे राहण्या-व्यापाराची मुभा मिळवली. त्याच मार्तांने लिहून ठेवलेल्या टिपणांवर आपले इतिहासकार आजही भिस्त ठेवतात. म्हणजे लोरियाँच्या गोदीत ज्या पाँडिचेरीचा माल उतरायचा, ती पाँडिचेरी काही काळ मराठ्यांच्या परवानगीने चालत होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात फ्रेंच येतात ते थेट डुप्ले आणि कर्नाटकच्या युद्धांपाशी. ही आधीची ओळख तशी राहूनच जाते.

माल कोणता होता? मिरी मलबारची, चहा आणि चिनी मातीची भांडी कँटनची, कॉफी येमेनमधल्या मोख्याची. पण शहराला श्रीमंती दिली ती कापडाने. चोळमंडळ किनाऱ्यावरची रंगवलेली, छापलेली छीट फ्रान्समध्ये इतकी खपू लागली की तिथले लोकर-रेशीमवाले विणकर ओरडू लागले आणि 1686 मध्ये सरकारने ती वापरण्यावर नि छापण्यावर बंदी घातली. बंदी 1759 पर्यंत टिकली, आणि बंदीचं जे होतं तेच झालं: दरबारातल्या बायका छिटेचे झगे घालायच्या आणि खलाशी पेट्यांच्या तळाशी तागे लपवून उतरवायचे. साधं पांढरं सुती कापड कंपनी उघड विकत होती. छापील माल परदेशी पाठवण्याच्या बोलीवर विकला जाई. 1734 पासून कंपनीचे वार्षिक लिलाव नांतऐवजी लोरियाँलाच होऊ लागले. हिवाळ्यात निघालेली जहाजं दीड-दोन वर्षांनी परत येत, शरद ऋतूत लिलाव पुकारला जाई, आणि त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसे. परतणाऱ्या जहाजांची शिडं दिसावीत म्हणून टेकडीवर टेहळणीचा मनोरा होता. आज उभा आहे तो 1786 चा. पुढच्या शतकांतल्या सगळ्या उलथापालथीतून जे थोडं वाचलं त्यात तो आहे.

याच कापडाची एक काळी बाजूही इथूनच जाते. पाँडिचेरीकडचं गडद निळीत बुडवलेलं कापड ‘गिनी’ या नावाने सेनेगलला जायचं आणि त्याच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जायची. मालदीवच्या कवड्यांचंही तेच. गुलामांच्या व्यापारात कंपनी स्वतः होती आणि जहाजं लोरियाँहूनच सुटत. तमिळ विणकराने रंगवलेला तागा आफ्रिकेत कशाच्या बदल्यात जातोय, याची त्याला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

हे सगळं बघायचं तर खाडी ओलांडून पोर-लुईला जावं. छोटी प्रवासी बोट काही मिनिटांत पलीकडे सोडते. किल्ल्याचा पाया सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश सैन्याने घातला, नाव तेराव्या लुईचं, आणि आत कंपनीचं संग्रहालय. जहाजांच्या प्रतिकृती, चिनी बशा, छिटेचे तुकडे. मात्र पोर-लुईची खरी मजा तटाबाहेर आहे. गावाच्या तटबंदीत एक लहानसा दरवाजा आहे. त्यातून वाकून बाहेर पडलं की पायाखाली एकदम वाळू. पाठीशी तोफांसाठी बांधलेली भिंत, आणि तिच्या उबेला टेकून पुस्तक वाचत बसलेले लोक. वारा कुठूनही येवो, त्या भिंतीपाशी लागत नाही. समोरून खाडीच्या अरुंद तोंडातून जाणारी बोट इतकी जवळ वाटते की हाक मारावी. कंपनीचं प्रत्येक जहाज याच चिंचोळ्या वाटेने गेलं आणि, दैव बरं असेल तर, याच वाटेने परत आलं.

पश्चिमेला गिदेलची पुळण आहे, तिथे आता लाटांवर फळ्या घेऊन पोरं दिवसभर पडलेली असतात. 1 ऑक्टोबर 1746 रोजी याच बाजूला, लाइता नदीच्या मुखाजवळ, इंग्रज सैन्य उतरलं. मूळ बेत कॅनडावर जाण्याचा. उशीर होत होत तो बारगळला आणि जमवलेली फौज फुकट कशाला घालवायची म्हणून ती लोरियाँवर धाडली. फ्रेंच कंपनीची कोठारं जाळली तर भारतातला प्रतिस्पर्धी घरातच मरतो, हा हिशोब. सेनापती सेंट क्लेअर, आणि त्याचा चिटणीस होता पस्तिशीतला डेव्हिड ह्यूम, पुढे जगभर गाजलेला तत्त्वज्ञ. पाऊस कोसळत होता, तोफा ओढायला घोडे नव्हते, माणसांनीच त्या चिखलातून मैलोनमैल ओढल्या. आठवडाभरात आजार आणि कंटाळा दोन्ही पसरले. 7 तारखेच्या संध्याकाळी इंग्रजांनी गाशा गुंडाळला. नेमक्या त्याच वेळी शहराच्या रक्षकांनी शरण जायचं ठरवलं होतं, पण शरणागती घ्यायला समोर कोणीच नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला. लोरियाँकरांनी श्रेय माता मेरीला दिलं आणि त्या नवसाची मिरवणूक ऑक्टोबरात निघू लागली.

याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर 1746 मध्ये, सँ-मालोचा सुपुत्र, फ्रेंच आरमारी सेनानी ला बूर्दोने याने इंग्रजांकडून मद्रास जिंकलं होतं. बातमीला पोचायला महिने लागत, त्यामुळे चिखलात तोफा ओढणाऱ्या इंग्रजांना ते ठाऊक नव्हतं.

वैभव फार टिकलं नाही. सप्तवार्षिक युद्धात जानेवारी 1761 मध्ये पाँडिचेरी पडली, 1769 मध्ये कंपनीची मक्तेदारी गेली आणि पाठोपाठ बंदर राजाच्या आरमाराकडे आलं. कंपनीचं एक जुनं मालवाहू जहाज, ‘द्यूक द द्यूरास’, अमेरिकन क्रांतीच्या कामी आलं: अमेरिकन आरमारी कप्तान जॉन पॉल जोन्सने त्याला ‘बोनोम रिशार’ असं नाव दिलं आणि 1779 च्या ऑगस्टमध्ये ग्रुवाच्या आडून इंग्रजांवर निघाला. एकोणिसावं शतक युद्धनौका, सार्डिन मासळी आणि रेल्वेचं. त्यात रेंगाळण्यासारखं फार नाही.

समुद्रस्नानाची हौस आली आणि खाडीच्या तोंडावरचं लार्मोर हे खेडं बदललं. 1925 मध्ये प्लोमर गावापासून वेगळं होताना त्याने नावापुढे ‘प्लाज’, म्हणजे पुळण, हा शब्द रीतसर जोडून घेतला. जाहिरात म्हणा हवं तर. तिथल्या मेरीच्या चर्चची एक जुनी चाल आहे: बंदरातून मोहिमेवर निघणारं युद्धजहाज समोरून जाताना तोफांची सलामी देई, आणि पाद्री घंटा वाजवून, निशाण चढवून त्याला आशीर्वाद देई.

त्याच लार्मोरच्या केर्नेव्हेल टोकावर काही देखणी घरं आहेत, त्यांतलं एक सार्डिनच्या डबेबंद व्यापारावर उभं राहिलेलं. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मनांनी लोरियाँ घेतलं, 7 जुलैला पहिली पाणबुडी आली, आणि वर्षअखेरीपर्यंत जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख ड्योनिट्झ या घरात राहायला आला. अटलांटिकमधली जहाजं बुडवण्याचे हुकूम इथून सुटत. समोरच, केरोमां टोकावर, 1941 पासून पाणबुड्यांसाठी काँक्रीटच्या प्रचंड गुहा उभ्या राहिल्या. पाणबुडी उतारावरून ओढून कोरड्यात घ्यायची, रुळांवरून आडवी सरकवायची आणि आपल्या खणात ठेवायची, अशी व्यवस्था. तिसऱ्या इमारतीचं छत सात मीटरहून जाड. ऑगस्ट 1944 मध्ये पाच टनांहून जड ‘टॉलबॉय’ बॉम्ब त्यावर आदळला. छत भेदलं गेलं नाही.

भेदलं गेलं ते शहर. गुहा फुटत नाहीत हे कळल्यावर, भोवतीचं गावच निकामी करायचं असं दोस्त राष्ट्रांनी ठरवलं. जानेवारी-फेब्रुवारी 1943 मध्ये रात्रीमागून रात्री आगलावे बॉम्ब पडले, लोक खेड्यापाड्यांत पांगले, आणि लोरियाँचा बहुतांश भाग राख झाला. कंपनीच्या काळातली लिलावाची इमारतही गेली. आज दिसते ती नंतर बांधलेली. स्टेशनबाहेरच्या करड्या इमारतींचं कारण हे आहे. पाणबुड्या मात्र गुहांत सुखरूप.

इथे एक धागा पुन्हा आपल्याकडे येतो. 28 एप्रिल 1943 रोजी मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले. ती जपानी पाणबुडी आय-29. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तीच आय-29 अर्धं जग वळसा घालून लोरियाँला आली, याच केरोमांच्या गुहांमध्ये थांबली आणि एप्रिलमध्ये परत निघाली. जुलैमध्ये फिलिपाइन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवलं. गुहेच्या दर्शनी फलकांवर नेताजी असतील अशी अपेक्षा ठेवू नये, पण आपण ते मनात घेऊन जायला हरकत नाही.

ऑगस्ट 1944 मध्ये ब्रिटनी सुटली तरी लोरियाँ सुटलं नाही. वेढ्यातल्या जर्मनांनी बर्लिन पडल्यानंतर, 10 मे 1945 ला, शस्त्रं खाली ठेवली. परतलेल्या लोकांना घरं नव्हती. अमेरिकेहून आलेल्या लाकडी बराकींच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि तात्पुरती म्हणून दिलेली ती घरं कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षं वापरली. गुहा तोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून फ्रेंच आरमाराने त्याच वापरल्या, 1997 पर्यंत. तळाला नाव दिलं जाक स्टोस्कोफ या गोदी अभियंत्याचं: जर्मनांशी गोड बोलून माहिती दोस्त राष्ट्रांना पोचवणारा, गावात गद्दार म्हणून हिणवला गेलेला, आणि सप्टेंबर 1944 मध्ये छळछावणीत मारला गेलेला. आता तिथे शर्यतीच्या शिडाच्या नौका बांधल्या जातात, एक पाणबुडी आतून बघता येते.

शेवटी ग्रुवा. बंदरातून पाऊण तासाची बोट. एकेकाळी इथले लोक शिडाच्या नौकांतून ट्यूनाच्या मागे दूरवर जायचे, इतके की गावातल्या चर्चच्या शिखरावर वारा दाखवायला इतरत्र असतो तसा कोंबडा नाही. तिथे ट्यूना मासा फिरतो. एका छोट्या किनाऱ्याची वाळू तामड्याच्या कणांमुळे लालसर आहे, ओली असताना हळदीकुंकवाच्या करंड्याची आठवण यावी अशी. आणि बेटाच्या पूर्व टोकाची मोठी पुळण उलटी वळलेली आहे: बहुतेक पुळणी समुद्राला कुशीत घेतात, ही पोट पुढे काढून समुद्रात शिरते. तीही एका जागी थांबत नाही. लाटा आणि प्रवाह वाळू ढकलत राहतात, आणि गेल्या काही दशकांत पुळण किनाऱ्याने बरीच सरकली आहे. जुना नकाशा हातात असेल तर ती नकाशावर एकीकडे आणि डोळ्यांसमोर दुसरीकडे सापडते. ऑगस्टच्या सुरुवातीला जाणार असाल तर राहण्याची जागा आधीच धरून ठेवा. 1971 पासून भरणाऱ्या केल्टिक महोत्सवात दहा दिवस सारं लोरियाँ पिपाण्यांच्या ताब्यात असतं, आणि ग्रुवाची बोटही भरून जाते.